चार पायांचा कोळी

दोन शब्द बोलून मी एका माणसाची नोकरी घालवली. ते शब्द ऐकायला सहावीचा सगळा वर्ग समोर होता, पण ते खोटे आहेत हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. एक मी आणि दुसरे टेंभरे मास्तर. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. मीही नाही, बायकोलासुद्धा नाही. आज सांगायला बसलो आहे, तर एकदम तिथं जायचं धैर्य होत नाही. म्हणून आधी मास्तर कसे होते ते सांगतो.

निमित्त तसं किरकोळ. गेल्या महिन्यात धाकटी मुलगी वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, कोळी कसा काढायचा?" मी पेन्सिल घेतली. कितीतरी वर्षांत काही काढलं नव्हतं, पण हात आपोआप चालला. आधी जाळं काढलं, मधली जागा मोकळी ठेवली, मग त्या जागेत कोळी बसवला. ती म्हणाली, "उलटा काढलात की हो, डोकं खाली." मग बोट ठेवून मोजत म्हणाली, "आणि पाय चारच?" मी पेन्सिल खाली ठेवली आणि पाणी प्यायला उठलो. कोणी शिकवलं विचारलं तर म्हणालो, होते एक मास्तर.

सडक अर्जुनीहून आत, जंगलाच्या कडेला एक गाव आहे. तिथल्या जनपदच्या, म्हणजे तेव्हाच्या तहसिलीच्या मंडळाच्या, मिडल शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता. मी भंडाऱ्याचा, नवा, आणि माझी नोकरी कच्ची. हिरदीलाल टेंभरे माझ्याआधीपासून तिथं होते, वयानं दुपटीच्या जवळ, तरी नोकरी त्यांचीही कच्चीच. प्रमाणपत्र म्हणावं असं त्यांच्याजवळ काही नव्हतं. खालच्या वर्गांना वाचन-लेखन आणि वरच्या वर्गांना चित्रकला, असं त्यांचं काम. पोवार घरचे, बिरसीकडं भावांबरोबर धानाची शेती. घरी पोवारी बोलत, आमच्याशी झाडीबोली, गोंदियाच्या दुकानदारांशी हिंदी. आणि राग आला की तिन्ही भाषांत गप्प.

उंच माणूस, पण थोडा वाकलेला. अंगात काळा कोट, आणि तो मुळात काळाच होता की खिशातल्या कोळशांनी झाला हे सांगता येत नसे. तुराट्या जाळून ते स्वतः कोळशाच्या कांड्या करत. चालता चालता मध्येच थांबत, एक डोळा मिटत आणि एखाद्या बैलाच्या पाठीकडं किंवा भिंतीवरच्या सावलीकडं बघत राहत. अशा वेळी कोणी रामराम घातला तर उत्तर मिळत नसे. गावात म्हणून त्यांना काही लोक गर्विष्ठ समजत. एकदा हेडमास्तर सगळ्या शिक्षकांना उशिरा येण्याबद्दल बोलत होते, म्हणजे खरं तर टेंभऱ्यांनाच बोलत होते. खिडकीतून ऊन त्यांच्या टकलावर आलं होतं. टेंभरे पुढं झुकून हळूच म्हणाले, "सर, जराक हलू नोका. उजेड मस्त पडून राहिला." हेडमास्तर तसेच थांबले. पुढं काय बोलायचं होतं ते विसरले.

त्यांच्या वर्गात रबर चालत नसे. कोणाच्या हातात दिसलं की ते काढून एका चहाच्या डब्यात टाकत. डबा भरत आला होता. "चुकलं त राहू दे ना," म्हणायचे. "चुकलेलं बी पोराले दिसलं पायजे." कान मात्र जोरात पिरगाळत, पोरं भीत. उसनं घेतलेलं परत करायची सवय नव्हती. माझी छत्री त्यांनी एक पूर्ण पावसाळा वापरली आणि माझ्याचकडं पाहून म्हणाले, भाऊ, तुमी छत्री काऊन नाई घेत?

त्यांचं एक वाक्य सगळ्या शाळेला पाठ होतं: "दिसलं तेवढं काढाचं. मायीत हाये ते तोंडानं सांगाचं." यावरून त्यांची थट्टाही होई. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हा नाचगाण्याचा आणि सवाल-जवाबाचा खेळ होतो, नाटकं होतात. एका वर्षी गावच्या मंडळानं त्यांना राजवाड्याचा पडदा रंगवायला सांगितला. मास्तरांनी राजवाडा पाहिलेला नव्हता. त्यांनी पाहिलेली सगळ्यात मोठी इमारत म्हणजे गोंदियाची एक राइस मिल. पडदा वर गेला तर राजाच्या सिंहासनामागं उंच धुराडं, आणि त्यातून धूर. लोकांनी गोंधळ केला. राजाचं काम करणारा तलाठी भर दरबारात घाम पुसत म्हणाला, प्रधानजी, आज भरडाई जोरात हाये वाटते. त्या नाटकाला लोक नंतरही बोलावत राहिले, धुराड्यासाठी. मास्तरांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. राजवाडा दाखवा, काढून देतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि हाच माणूस दुसऱ्या वेळी वेगळा दिसला. शेजारच्या गावचा एक शेतकरी आला. बाप वारला होता, फोटो एकही नव्हता. मास्तर, तुमी बापाले पाह्यलं नाई, पन आमी सांगतो तसं काढा, म्हणाला. नाक असं, मिशा अशा. मास्तर बराच वेळ ऐकत राहिले आणि मग नाही म्हणाले. तो माणूस हिरमुसून उठला तेव्हा त्यांनी विचारलं, बाप बसत कुठं होता? मग ते त्याच्याबरोबर खळ्यावर गेले आणि तिथली एक जागा काढून आणली. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला पाठीच्या आकाराचा दाब पडलेला, बाजूला काठी टेकवलेली, समोर जोडे. माणूस नाही. त्या घरात ते चित्र देवाशेजारी लावलेलं मी पाहिलं आहे. घरची म्हातारी जाता-येता त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेई.

आता कोळी.

सहावीला कीटकांचा धडा होता. कोळी हा कीटक का नाही, हे मला शिकवायचं होतं. फळ्यावर मी कोळी काढला. एक मोठा गोळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चार-चार पाय. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मकडी म्हनता अन् केकडा काढून राहिले." वर्ग हसला. टेंभरे बाहेरून चालले होते, ते थांबले, एक डोळा मिटून फळ्याकडं पाहिलं आणि निघून गेले. मधल्या सुट्टीत मात्र सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "बुकवाल्या मास्तराचा केकडा पाह्यला का? रस्सा करा त्याचा." आठवडाभर मला सगळे बुकवाले मास्तर म्हणत होते. मी तेविशीत होतो. हसण्यावारी नेलं, पण आत ठेवलं. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं जे झालं ते नुसत्या भीतीनं झालं नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, चला. शाळेमागं बोडी होती, म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. तिच्या काठी बेशरमाची झुडपं दाटलेली. दोन फांद्यांच्या मध्ये एक मोठं जाळं, आणि त्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी. मी खिशातून पेन्सिल काढली. त्यांनी ती घेतली आणि कानावर खोचली, स्वतःच्या. "आज काढाचं नाई. आज बसाचं."

बसलो. डास चावत होते. निघताना त्यांनी विचारलं, मुंडकं वर होतं का खाली? मी म्हणालो वर. पुस्तकात वरच असतं. "जा, पाहून ये." मी गेलो. खाली होतं. एवढा वेळ मी त्याच्याकडं तोंड करून बसलो होतो आणि पाहत पुस्तक होतो.

असे काही दिवस चाललं. आधी जाळं शिकलो. मी गोल गोल रेघा काढत होतो. ते म्हणाले, दोन खुंट्यांना दोरी बांधून त्यावर ओलं धोतर टाकलं की दोरीला कसा झोळ पडतो, तसा प्रत्येक धाग्याला पडला पाहिजे. मग मधली जागा मोकळी ठेवायची. "जागा काढा आधी. मकडी मंग येऊन बसते." मग अंग. पुढं तांदळाचा दाणा, मागं टपोरा धानाचा. "पाय सारे लहान दान्याले. पोटाले एक बी नाई. पोट खासाठी हाये, चालासाठी नाई. तुमचा केकडा तितंच फसला." हात धरून शिकवणं त्यांच्याकडं नव्हतं. आपण काढायचं, ते बघायचे आणि तोंडानं फक्त च् करायचे. एका संध्याकाळी तो च् आला नाही. मी वर पाहिलं तर ते चित्राकडं बघतच नव्हते, कोळ्याकडं बघत होते. त्या चित्राइतका आनंद मला नोकरीच्या पहिल्या पगारानंही दिला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

फक्त एक गोष्ट अडत होती. माझ्या चित्रात पाय आठ होते, त्यांच्या चित्रात चार. मी म्हणालो, मास्तर, कोळ्याला आठ पाय असतात. ते म्हणाले, मोजा. मी मोजले. चार दिसत होते. फुली मारावी तसे, दोन वर दोन खाली. पुस्तक चूक असेल असं मला वाटेना आणि डोळे चूक आहेत असं त्यांना वाटेना. वाद वाढला. शेवटी मी एक तणसाची काडी उचलली आणि एका पायाला हळूच लावली. जाळं थरथरलं. आणि तो एक पाय सावकाश दोन झाला. मग दुसरा दोन झाला. दोन-दोन पाय चिकटवून बसायची त्याची रीत होती. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. काडी बाजूला केली, तर पुन्हा दोघांचा एक.

टेंभरे मास्तर मांडी थोपटून हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. "म्हंजे तुमचं बी खरं अन् माहं बी खरं," म्हणाले. मग तिथंच आमचं ठरलं. ते सहावीला इथं आणून बसवणार आणि दिसतील तसे चार पाय काढायला लावणार. पुढच्या विज्ञानाच्या तासाला मी ती चित्रं समोर ठेवून सांगणार की या प्रत्येकात दोन आहेत, आणि मग पोरांना काडी घेऊन पुन्हा बोडीवर आणणार. "मी काढतो, तुमी सांगा," ते म्हणाले. "पोरं जन्मात भुलनार नाईत."

त्यांनी त्यांचा भाग केला. पोरं तीन दिवस बोडीवर बसली. चित्रं इतकी चांगली आली की मास्तरांनी ती वर्गात सुतळीवर टांगली. मी माझा तास आज-उद्या करत राहिलो. धान कापणीमुळं पोरं कमी येत होती हे कारण होतं. आणि खरं कारण हे की आपला धडा त्यांच्या चित्रांच्या मागून जाणार, हे मला थोडं बोचत होतं. बुकवाला मास्तर अजून आत होता.

तेवढ्यात तपासणी आली. आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता. साहेब नवे होते, पुण्याकडचे, वाईट नव्हते. कच्च्या नोकऱ्यांतल्या कोणाला ठेवायचं हे त्यांच्या शेऱ्यावर होतं, आणि हे आम्हा दोघांनाही हेडमास्तरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मास्तर त्या दिवशी वेळेवर आले. कोट धुतलेला होता.

साहेब सहावीत आले आणि सुतळीखाली उभे राहिले. एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, मग हसत म्हणाले, "हे काय, सगळ्यांचे कोळी चौपायी?" पोरं हसली नाहीत. मास्तर म्हणाले, "साहेब, मांगं बोडी हाये. दोन मिनिटं चला, दाखवतो." साहेबांनी बाहेरच्या चिखलाकडं पाहिलं. पुढच्या गावी जायचं होतं, उशीर झाला होता. ते माझ्याकडं वळले.

"विज्ञान तुम्ही शिकवता ना? कोळ्याला पाय किती?"

"आठ, सर."

"मग मुलांना हे काढायला लावण्यापूर्वी यांनी तुम्हाला विचारलं होतं का?"

टेंभरे मास्तर माझ्याकडं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. दंडारीत आपलं बोलणं संपलं की माणूस जोडीदाराकडं वळून थांबतो, तसे ते थांबले होते. त्यांचा भाग झाला होता, आता माझा होता. माझ्या मनात काय काय आलं ते मला आजही स्वच्छ आठवतं. ठरलेला धडा मी घेतलेला नाही, हे बाहेर येईल. साहेबांना असलं लांबण आवडणार नाही. आणि हेही आलं, की रस्सा करा म्हणाला होता.

मी म्हणालो, "नाही, सर."

मास्तरांनी माझ्यावरची नजर काढली. राग आला की तिन्ही भाषांत गप्प, हे मी वर लिहिलं आहे. पण तो राग होता की नाही, मला सांगता येत नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मुलांपर्यंत चुकीचं ज्ञान जाऊ नये, एवढं बोलून ते पुढच्या वर्गात गेले.

ते गेल्यावर ती केकडा म्हणणारी मुलगी उठली. तिनं विचारलं, "गुरुजी, आमचं चुकलं का?" मास्तर म्हणाले, "विज्ञानवाल्या गुरुजीले विचार." तिनं मला विचारलं. तेव्हाही वेळ होती. साहेब भिंतीपलीकडं होते, आवाज गेला असता. मी म्हणालो, "कोळ्याला आठ पाय असतात." दुसऱ्या दिवशी पोरांनी सुतळीवरची चित्रं काढून घेतली आणि प्रत्येक कोळ्याला आणखी चार पाय जोडले. पोटाला जोडले. जागा तेवढीच उरली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मास्तरांना परत घेतलं नाही. मला पक्कं केलं. सामान न्यायला ते आले तेव्हा मी ऑफिसात काम असल्याचं दाखवत होतो. ते दारात उभे राहिले आणि चहाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "पोराइचे रबर हायेत," म्हणाले. "वाटून टाका. आता खोडाले लागतीन." टोमणा असेल, नसेलही. त्यांना पोरांचं काही परत करायचं राहून गेलं असं वाटलं असेल. मी म्हणालो, बसा ना, चहा सांगतो. ते म्हणाले, "नाई, भाऊ. गाडीवाला थांबून राहिला." तेवढंच. माझी छत्री ते त्याच्या आदल्याच दिवशी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवून गेले होते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. तोवर माझी बदली फुलचूरला झाली होती. एका सहकाऱ्याबरोबर बिरसीजवळच्या गावी मंडईला गेलो होतो. दुपारची वेळ, दंडार सुरू व्हायची होती. मागं जंगलाचा पडदा टांगलेला. मोहाची झाडं, ऐनाची झाडं, जशी असतात तशी. खालच्या कोपऱ्यात दोन फांद्यांच्या मध्ये एक जाळं होतं, धाग्यांना झोळ पडलेला, आणि त्यात डोकं खाली केलेला पिवळा-काळा कोळी. चार पाय. मी गर्दीत जागच्या जागी थांबलो.

मास्तर पडद्याशेजारीच जमिनीवर बसले होते. पाठ आणखी वाकली होती, कोट नव्हता, पायांना शेतातला चिखल. पोरांचा घोळका भोवती. त्यातलं कोणीतरी म्हणत होतं, बाबाजी, मकडीचे पाय कमी काढले तुमी. मास्तरांनी शेजारून तणसाची काडी उचलली. "चार दिसतेत," म्हणाले. "हायेत आठ. दोन-दोन जोडून बसते ते. सकारी बांधावर जा, अशी काडी लाव, मंग पाह्य कशी उघडते." आणि काडीनं पडद्यावरच्या एका पायाला हळूच स्पर्श करून दाखवला.

चित्र त्यांचं होतं, आणि सांगणंही आता तेच करत होते. माझा भाग त्यांनी स्वतःकडं घेतला होता. माझ्यापासून ते चार-पाच माणसांच्या अंतरावर होते. त्यांनी वर पाहिलं असतं तर मी दिसलो असतो. त्यांनी पाहिलं नाही, पडद्याकडं एक डोळा मिटून बघत राहिले. ढोलकी वाजायला लागली तेव्हा मी सहकाऱ्याला म्हणालो, उन्हानं डोकं दुखतं आहे, आणि निघालो.

ते आज आहेत की नाहीत मला माहीत नाही. गोंदियाच्या बाजारात बिरसीकडचे लोक रोज येतात, कोणालाही विचारता आलं असतं. विचारलं नाही. मुलीला मात्र त्या संध्याकाळी मी सांगितलं, की चार दिसतात, पण असतात आठ. ती लगेच म्हणाली, मग हे आधी का नाही सांगितलंत?

तो प्रश्न त्या वर्गातल्या सगळ्यांचा आहे. त्यांना मी एक तास देणं लागतो. आणि हिरदीलाल टेंभरे मास्तरांचं मी एक वाक्य देणं लागतो, जे साहेबांनी विचारलं तेव्हाच, पोरांच्या समोर आणि मोठ्यानं, बोलायचं होतं: होय सर, त्यांनी मला विचारलं होतं.